आजेसासूबाईंची साखरपुड्याची अंगठी: सुनेला की लेकीला? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. येत्या मार्गशीर्षात मुलाचा साखरपुडा आहे. माझ्या बोटातली माणकाची अंगठी आजेसासूबाईंची. त्यांनी ती सासूबाईंना दिली, सासूबाईंनी मला. रीतीप्रमाणे आता ती सुनेची, आणि तिला द्यायला मला मनापासून आवडेल. पण लेक लहानपणी हीच अंगठी घालून आरशासमोर उभी राहायची. ती तोंडानं मागणार नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं. तुमच्याकडे असं झालंय का? काय केलंत?

दुसरं सोनारकामाचं. बोटाभोवतीचा भाग झिजून तारेसारखा झालाय आणि सुनेचं बोट माझ्यापेक्षा बारीक आहे. सोनार म्हणतात, आटवून नवी करू, हॉलमार्कही मिळेल. मला आटवायची नाही. कोंदणाच्या पाठीवर आजेसासऱ्यांच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलंय, अजून स्पष्ट वाचता येतं. कोंदण तसंच ठेवून खालचा भाग 22 कॅरेटमध्ये नवा जोडून घेतलाय का कुणी? बंद कोंदणात खड्याखाली चकाकीसाठी पातळ पत्रा असतो, तो डाग देताना (म्हणजे तापवून सांधा जोडताना) काळा पडेल ही धास्ती आहे. आधी खडा काढतात का? पुण्यात असं जुनं काम जपून करणारे कारागीर माहीत असतील तर नक्की सांगा.