मदत हवी आहे: स्विफ्टच्या एअर इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाण्याच्या मार्गात) बदल करावा का?

नमस्कार. माझ्या ११९७ सीसी पेट्रोल स्विफ्टचा मूळ एअरबॉक्स (एअर फिल्टरचा बंद डबा) काढून कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर) बसवावा, असा सल्ला मला मिळाला आहे. परंतु बॉनेटखाली उघडा राहिलेला फिल्टर इंजिनाजवळची तापलेली, म्हणजेच विरळ हवा ओढणार असेल, तर खंबाटकी घाटाच्या चढावर ताकद वाढण्याऐवजी घटेल, अशी रास्त शंका वाटते. आवाज भारदस्त होतो, हे मान्य; मला मात्र पिकअप हवा आहे. मूळ एअरबॉक्स तसाच ठेवून त्यात धुता येणारा कॉटनचा पॅनेल (सपाट) फिल्टर बसवल्यास काही फरक जाणवतो का? धूळ अडवण्यासाठी त्याला लावलेले तेल जास्त झाल्यास हवेच्या मार्गातील सेन्सरवर बसते का, आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेताना इंजिनात पाणी जाऊ नये यासाठी इनटेकचे तोंड कुठे ठेवावे, हे ज्यांनी स्वतः असा बदल केला आहे त्यांनी कृपया सांगावे.