सत्तावीस वय अन् केस पांढरे, बोअरच्या पाण्यानं होतंय का?

परभणीची लेक:
कानाजवळचे केस दोन वर्षांपासून पांढरे व्हायलेत, आता भांगातही दिसायलेत. घरी म्हणतेत बोअरच्या खाऱ्या पाण्यानं झालं, मावशी म्हणती उपटू नको, एकाचे दहा होतेत. स्थळं बघायलेत म्हणून आई काळी मेंदी लाव म्हणून मागं लागलीय, पण मागच्या वेळी लावली तर कपाळ सुजून डोळे उघडेनात. आरशासमोर गेलं की रडू येतंय. काय करू?

लातूरकर:
ताई, मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. जड पाण्यानं केस राठ होतात, पांढरे नाही. रंग भरला जातो तो मुळाशी, कातडीच्या आत, तिथं मेलॅनिन म्हणजे केसाचा रंग बनवणाऱ्या पेशी असतात, बाहेर आलेला केस निर्जीव. या पेशी ज्या मूळपेशींपासून तयार होतात त्यांचा साठा संपला की त्या जागी पुढचा केस पांढराच उगवतो. कधी संपणार हे बरंचसं घराण्यावर असतं. ताणाचं म्हणाल तर 2020 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं की ताणात नसांमधून सुटणाऱ्या नॉरअॅड्रेनालिन नावाच्या रसायनानं या मूळपेशी भराभर संपतात, पण ते उंदरांवर. एक उपटल्यानं दहा होत नाहीत, तरी उपटू नका, मूळ दुखावतं.

बीडचा:
व्हिटॅमिन बी12 अन् थायरॉईड आधी तपासा. आमचं घर माळकरी, मांस अंडी काहीच नाही, माझं बी12 लई कमी निघालं. इंजेक्शनानं केस काही काळे झाले नाहीत माझे, पण पायाला मुंग्या यायच्या त्या गेल्या, त्या तर मी कुणाला सांगतच नव्हतो.

अंबाजोगाईची मावशी:
बाळा, ती काळी मेंदी परत डोक्याला लावू नको. तिच्यात पीपीडी नावाचं रसायन असतं, एकदा सूज आली म्हणजे पुढच्या वेळी जास्तच येऊ शकते. साधी मेंदी निराळी, तिनं केस तांबूस होतात, काळे नाही. मी वीस वर्षं दर पंधरा दिवसाला रंग लावला, लेकीच्या बाळंतपणात दवाखान्यात महिनाभर राहिले तेव्हा राहून गेलं ते राहूनच गेलं. तेव्हा कळलं की माझ्या केसांकडं माझ्याइतकं कुणीच बघत नव्हतं. पाहुण्यांसमोर तशीच बस. आईला सांग, डोळे सुजलेली पोरगी दाखवणार का?

परभणीची लेक:
सगळ्यांचे आभार. बी12 चं रक्त उद्या देते. पप्पांना विचारलं तर त्यांचे तिसाव्या वर्षीच पांढरे झालते म्हणे, आजपर्यंत रंग लावायलेत, मला माहीतच नव्हतं.