खिशातला घडीचा चाकू : तुमचे अनुभव लिहा

पुणे (धागाकर्ता)

घडीचा चाकू रोज जवळ बाळगणाऱ्या, आणि त्या सवयीतूनच हळूहळू संग्रहाकडे वळलेल्या मंडळींनी आपले अनुभव येथे लिहावेत, अशी विनंती आहे. ज्याचे पाते नखाने खाचेत धरून उघडावे लागते आणि जे केवळ कमानीच्या (स्प्रिंगच्या) दाबावर किंवा घर्षणावर उघडे राहते, असा जुन्या घडणीचा चाकू मला अभिप्रेत आहे. बटण दाबताच उघडणारे प्रकार सध्या बाजूला ठेवू. किंमत आणि दुर्मीळता यांपेक्षा चाकू कोणत्या कामाला येतो, त्याची निगा कशी राखता आणि तुम्ही राहता तेथील कायदा काय सांगतो, हे वाचायला अधिक आवडेल.

आपल्याकडचे सांगायचे तर शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची हत्यारे येतात, आणि घरगुती वा शेतीच्या कामासाठी घडवलेली पाती त्यांतून वगळलेली आहेत. मात्र निवडणुका, सण किंवा तणावाच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि त्यांत चाकूचा उल्लेख असतो, म्हणून त्या दिवसांत तो घरी ठेवणेच शहाणपणाचे. विमानप्रवासात तो केबिनमध्ये चालत नाही. सुपूर्द करायच्या सामानातच टाकावा.

माझ्या खिशात स्विस चाकू असतो. कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये नोंदवलेल्या अधिकाऱ्यांच्या चाकूचाच तो वंशज. त्यातील बूच काढायच्या मळसूत्राचा माझ्यासारख्याला काडीचाही उपयोग नव्हता. पुढे त्यात फिरवून बसवायचा चिमुकला स्क्रूड्रायव्हर मिळतो असे कळले, आणि आता घरातल्या सगळ्यांच्या चष्म्यांच्या दांड्या माझ्याकडेच येतात.

दापोली

आमच्या रोपवाटिकेत पावसाळ्याच्या तोंडावर आंब्याची कोय कलमे बांधायला सुरुवात होते, आणि त्या दिवसांत घडीचा कलम चाकू खिशापेक्षा हातातच जास्त असतो. नुकत्याच रुजलेल्या, पाने अजून तांबूस असलेल्या रोपाचा शेंडा छाटायचा, उरलेल्या कोवळ्या खोडाला मधोमध उभा काप द्यायचा, तेवढ्याच लांबीची पाचर कलमकाडीला करायची, ती कापात बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधायची, एवढीच ती कृती आहे. परंतु पाचरेच्या दोन्ही बाजू एकाच ओढीत सपाट उतरल्या नाहीत, तर सालीलगतचे जिवंत थर एकमेकांना भिडत नाहीत आणि काडी सुकून जाते.

म्हणून कलम चाकूच्या पात्याला एकाच बाजूने धार काढलेली असते आणि दुसरी बाजू पूर्ण सपाट ठेवलेली असते. यामुळे उजव्या हातासाठी धार काढलेला चाकू डावखुऱ्याच्या कामाचा राहत नाही. आमच्याकडे कलमे बांधणाऱ्या एक मावशी डावखुऱ्या आहेत, त्यांचा चाकू उलट बाजूने धार काढून वेगळा ठेवलेला असतो आणि त्याला दुसरे कोणी हात लावत नाही. गुलाबाचे डोळे भरणाऱ्यांच्या चाकूला साल उचलण्यासाठी पितळेची किंवा हाडाची एक बोथट जीभही असते.

पात्यावर चीक चढला की काप फाटका येतो, आणि एका झाडाचा रोग दुसऱ्याकडे जाण्याची भीती असते ती निराळीच. त्यामुळे खिशात स्पिरिटची कापडी चिंधी असतेच. खाण्याचा आंबा कापायला हा चाकू कोणी मागितला, तर मी घरातली विळी दाखवतो.

शेफिल्ड

नोकरीनिमित्त या शहरात आलो तेव्हा येथील चाकूंची परंपरा मला केवळ ऐकून ठाऊक होती. कारागिरांची कंपनी १६२४ मध्ये स्थापन झाली, आणि भाड्याच्या एखाद्या खोलीत स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्या कारागिराला येथे ‘लिटल मेस्टर’ म्हणतात. त्यांपैकी फार नावाजलेले स्टॅन शॉ २०२१ मध्ये वारले. कटलर्स हॉलमध्ये १८५१ च्या लंडन महाप्रदर्शनासाठी केलेला ७५ पात्यांचा नॉरफोक चाकू आहे. कारागिरी थक्क करणारी असली तरी मला तो एका पात्याच्या साध्या चाकूइतका देखणा वाटला नाही.

येथील कायदा आणि जुनी घडण यांचे चांगले जुळले आहे. घडीच्या चाकूची धार ३ इंचांपर्यंत असेल आणि उघडलेले पाते कुलूप लागल्यासारखे अडकून बसत नसेल, तर सार्वजनिक ठिकाणी तो जवळ ठेवण्यासाठी कारण द्यावे लागत नाही. पाते अडकणारे असेल, तर योग्य कारण दाखवता आले पाहिजे. त्यामुळे कमानीवर चालणारे जुने नमुने आजही रोजच्या वापरात टिकून आहेत.

संग्रह करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. शेफिल्डच्या जुन्या चाकूंच्या मुठींना जे शिंग दिसते, त्यात हिंदुस्थानातून आलेले सांबरशिंग पुष्कळ असे. आता आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे गळून पडलेल्या शिंगाचाही व्यापार करता येत नाही, तेव्हा असा चाकू येथून घेऊन भारतात आणण्याचा किंवा तेथे विकण्याचा विचार कोणी करू नये.

ग्रेनोबल

फ्रान्सच्या सावुआ (सॅव्हॉय) प्रांतात जोझेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये घडवलेला चाकू आजही जवळजवळ तसाच मिळतो: बीच लाकडाची गोल मूठ, एक पाते, आणि १९५५ पासून पाते अडकवणारे एक फिरते कडे. या कड्यामुळे तो धाग्याच्या व्याख्येत काटेकोरपणे बसत नाही, हे मान्य. पण जुन्या चाकूंबद्दल बोलताना त्याला वगळणे मला पटत नाही. माझा ८ क्रमांकाचा आहे, म्हणजे पाते साडेआठ सेंटिमीटर.

कार्बन पोलादाचे पाते सफरचंद, कांदा, लिंबू यांच्या आंबटपणाने करडे-निळसर होते, आणि तो थर गंजाला काहीसा अटकाव करतो, म्हणून घासून काढू नये. पावसात मूठ फुगते आणि पाते नखाने निघेनासे होते; अशा वेळी मुठीचा मागचा गोल भाग टेबलाच्या कडेवर हलकेच आपटला की पात्याचे टोक आपोआप वर येते. येथील म्हातारी माणसे हे बोलता बोलता करतात. चाकू भेट मिळाला की देणाऱ्याला एक नाणे द्यायचे, नाहीतर मैत्री तुटते, असाही समज येथे आहे. सासऱ्यांनी मला हा चाकू दिला, तेव्हा माझ्याकडून नाणे मागून घेतले.

कोबे

शेजारच्या मिकी गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘हिगोनोकामी’ नावाचा चाकू होतो, त्याबद्दल थोडक्यात लिहिते. पत्रा दुमडून केलेली मूठ, एक खिळा आणि पात्यामागे बाहेर आलेली एक लहान दांडी. कमान नाही, कुलूप नाही. कापताना अंगठा त्या दांडीवर दाबून धरला की पाते मिटत नाही. जपानमधली मुले याने पेन्सिलीला टोक करीत. १९६० नंतर मुलांच्या हातातून चाकू काढून घेण्याची मोहीम झाली, कारखाने बंद पडत गेले, आणि आता ते नाव लावून चाकू करणारा एकच कारखाना उरला आहे. येथे कारणाशिवाय चाकू जवळ बाळगणे अडचणीत आणू शकते, म्हणून माझा चाकू चित्रकलेच्या पेटीतच राहतो.

न्यू जर्सी

माझा कल उघडपणे संग्रहाकडे आहे, आणि त्यातले बरेचसे चाकू मी कधीही वापरलेले नाहीत. पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड येथे होणारे ‘केस’ (Case) कंपनीचे चाकू मी जमवतो, कारण ते वाचता येतात. पात्याच्या मुळाशी ६३१८ असा आकडा असेल, तर ६ म्हणजे हाडाची कोरीव मूठ, ३ म्हणजे तीन पाती, आणि १८ हा नमुन्याचा क्रमांक. १९७० मध्ये शिक्क्याखाली दहा ठिपके दिले गेले आणि पुढे दर वर्षी एक ठिपका कमी केला गेला. त्यामुळे माझ्या जन्माच्या, म्हणजे १९७४ च्या चाकूवर सहा ठिपके आहेत. तो शोधण्यात जी मजा आली, ती त्याने दोरी कापण्यात आली असती असे मला वाटत नाही. सगळे चाकू चामडी पाकिटांत घालून एका लाकडी पेटीत ठेवले आहेत. त्यांत रंगीत पट्ट्यांच्या सेल्युलॉइड मुठीचा एक फार जुना चाकूही आहे.

रामपूर

बँकेच्या बदलीमुळे सध्या येथे आहे. बटणाचे चाकू बाजूला ठेवले, हे समजू शकतो, पण रामपुरी केवळ गुंडांच्या हातात शोभतो हा समज चित्रपटांनी करून दिला. पितळी मुठीवर हाताने नक्षी काढणारे कारागीर अजून आहेत, फार थोडे. २०२३ मध्ये गावातल्या चौकात सुमारे ६ मीटर लांबीचा चाकू उभारला गेला. त्याखाली उभे राहून लोक फोटो काढतात आणि चाकू न घेता पुढे जातात.

पिंपरी

टूलरूममध्ये आयुष्य गेले, म्हणून निगेविषयी लिहितो. सांध्यात तेलाचा एकच थेंब पुरतो, पण त्याआधी खिशातला कचरा काडीने काढावा, नाहीतर तेल आणि धूळ मिळून खिळ्याभोवती पॉलिश पेस्टसारखे काम करतात. खाण्याच्या तेलाचा काही दिवसांत चिकट थर बसतो. फळे कापायची असतील तर औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन वापरावे. धार लावताना पाते दगडाशी साधारण २० अंशांत धरावे, एका बाजूची बर, म्हणजे धारेवर वळलेली पोलादाची बारीक कड, बोटाला जाणवली की बाजू बदलावी, आणि शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर उलट ओढून ती बर काढावी. पाते मिटताना कमानीवर सोडून देऊन खटका वाजवणे कानाला बरे वाटते, परंतु काही नमुन्यांत त्यामुळे धार आतल्या कमानीवर आपटून बोथट होते.

न्यू जर्सीच्या मित्रांसाठी दोन गोष्टी. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली द्रव्ये पात्याला डाग पाडतात, तेव्हा पाकीट चाकू बाळगण्यासाठी वापरावे, साठवण्यासाठी नाही. आणि जुने सेल्युलॉइड विघटित होऊ लागले की त्यातून आम्लाच्या वाफा निघतात. बंद पेटीत त्या शेजारच्या प्रत्येक पात्याला गंज चढवतात. तो पट्ट्यांचा चाकू आजच पेटीबाहेर काढून हवेशीर जागी एकटा ठेवा, आणि १९७४ च्या चाकूची पाती उघडून सांध्याजवळ तांबूस ठिपके आलेत का ते पाहून येथे कळवा.