१४ महिन्यांच्या पोरीला जुलाब, सासऱ्यांनाही लागले, काय द्यायचं काय नाही?

मानेवाड्याची_आई:
माझी मुलगी १४ महिन्यांची आहे, काल रात्रीपासून पाण्यासारखी संडास होऊन राहिली, दोनदा उलटी पण झाली, अंग थोडं गरम लागते. अंगावरचं दूध पिते पण खात काहीच नाही. सकाळपासून सासऱ्यांनाही लागले, पोटात मुरडा येते म्हणतात. ते परवा लग्नात जेवून आले होते पण पोरगी तं लग्नाला गेलीच नव्हती, मंग हे जेवणातून झालं का पाण्यातून समजून नाही राहिलं, आमच्या गल्लीत नळाला पाणी गढूळ येऊन राहिलं एवढं खरं. मेडिकल स्टोअरवाल्यानं सासऱ्यांना थांबवायची गोळी दिली आणि म्हणे त्यातलीच अर्धी पोरीला कुस्करून द्या, मी अजून दिली नाही. सासूबाई म्हणतात दात येऊन राहिले म्हणून होते, दूध बंद कर, नुसती साबुदाण्याची पेज दे. शेजारच्या काकू म्हणतात जायफळ उगाळून चाटव. ओआरएस म्हणून संत्र्याच्या चवीचा डबा आणला तो मात्र पोरगी आवडीनं पिते. आज रविवार, आमचे डॉक्टर बसत नाहीत, उद्यापर्यंत थांबू का?

वार्डातली_सिस्टर:
ताई ती गोळी देऊ नका, अर्धी काय पाव पण नाही. थांबवायची म्हणजे बहुतेक लोपेरामाइड असेल, ती आतड्याची हालचालच मंद करते, एवढ्या लहान पोरात पोट फुगून आतडं बंद पडू शकते. आणि मुळात जुलाब थांबवणं हा इलाजच नाही, जेवढं पाणी आणि मीठ बाहेर चाललं तेवढं आत टाकत राहणं हा इलाज आहे. लहान पोरांचे जुलाब जास्त करून व्हायरसचे असतात, पाच-सात दिवसात आपले आपण थांबतात, तोपर्यंत पोरगी सुकली नाही पाहिजे एवढंच पाहायचं.

ओआरएसच्या पावडरीचं पाकीट आणा. मोठं पाकीट १ लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं, छोटं २०० मिलीचं पण मिळते, पाकिटावर वाचून घ्या, अंदाजानं अर्ध पाकीट ग्लासात टाकायचं नाही कारण घट्ट झालं तं मीठ जास्त जाते. पाणी उकळून थंड केलेलं, आणि उरलेलं २४ तासानंतर फेकून द्यायचं. प्रत्येक संडासनंतर ५० ते १०० मिली, पण बाटलीनं गटागटा नाही, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा आणि परत सुरू करा. अंगावरचं दूध बंद तं करूच नका, उलट जास्त वेळा पाजा, आणि मऊ खिचडी, वरणभात, केळं, दही जे खाईल ते द्या. साबुदाण्याची पेज चालते पण नुसत्या पेजेवर पोरगी अशक्त होईल. जायफळ नको, जास्त झालं तं पोर गुंगीत जाते, मंग ती सुस्ती पाणी कमी झाल्याची का जायफळाची हे कोणालाच कळत नाही. दातानं जुलाब होत नाहीत, दात येताना पोरं हाती लागेल ते तोंडात घालतात ती घाण पोटात जाते.

आता थांबायचं का ते. रडताना डोळ्यात पाणी येते का, जीभ ओली आहे का, सहा तासात लघवी झाली का, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तं लगेच बसते का ते पाहा. डोळे खोल गेले, पोरगी सुस्त पडून राहिली, पीतच नाही, प्यायलेलं सगळं उलटून पडते, संडासात रक्त दिसलं, यातलं एक जरी असलं तं उद्याची वाट पाहू नका, नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल नाहीतं मेयो हॉस्पिटल गाठा, तिथं रविवारीही कॅज्युअल्टी चालू असते. आणि लसीचं कार्ड काढून पाहा, रोटाव्हायरसचे थेंब दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला पाजतात. पाजले असले तरी जुलाब होऊ शकतात, पण जोर कमी असते.

तर्री_कमी_पोहे_जास्त:
त्या संत्र्याच्या डब्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. अशा बऱ्याच डब्यात साखर खूप आणि मीठ नावाला असते, जास्त साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात, पोरं आवडीनं पितात ते त्या साखरेमुळंच. असल्या पेयांवर ओआरएस लिहायला एफएसएसएआयनं (खाण्यापिण्याच्या मालावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला आहे का पाहायचं, १ लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम. दुकान बंद असलं तं घरी १ लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, चमचा शिगोशीग नाही भरायचा.

इतवारीवाला_भाऊ:
एवढी झिकझिक कशाला बाप्पा, एक सलाईन लावून टाका संध्याकाळपर्यंत पोरगी खेळते. आमच्याकडे सगळ्यांना तेच करतात.

तर्री_कमी_पोहे_जास्त:
भाऊ पोरगी पिऊन राहिली न, मंग सुई काऊन टोचायची? १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपून गेलं, तवा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो लोक वाचवले. कॉलऱ्यात जे चालते ते इथं नाही चालणार का. सलाईन लागते ते पोर पीतच नसेल किंवा पार सुकून गेलं असेल तवा.

वार्डातली_सिस्टर:
सासऱ्यांचं राहिलं होतं. ताप नसेल, रक्त किंवा आव पडत नसेल तं मोठ्या माणसाला ती गोळी एखाद-दोन वेळा चालते, पण ताप किंवा रक्त असलं तं नाही, घाण आतच राहते. स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक पण नको. त्यांना बीपीची गोळी आहे का? लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तं जुलाबात किडनीवर ताण येते, डॉक्टरला फोन करून विचारा चालू ठेवायची का. शुगर असली तरी ओआरएस घ्यायचं. तांदळाच्या धुवणासारखी भसाभसा संडास झाली तं सरळ दवाखाना.

आणि गल्लीत कोणी नळाला टिल्लू पंप (पाणी ओढायची छोटी मोटर) लावते का? पाईप कुठं फुटला असेल तं पंपाच्या ओढीनं बाजूच्या नालीचं पाणी आत येते. आणखी घरात असेच पेशंट असतील तं आशाताईला सांगा, आणि तोपर्यंत पाणी खळखळ उकळूनच प्या, फडक्यानं गाळून काही होत नाही.

मानेवाड्याची_आई:
सगळ्यांना थँक्यू. रडताना डोळ्यात पाणी येऊन राहिलं, दुपारी लघवी पण झाली, चमच्यानं पिऊन राहिली, तो डबा सासूबाईंनीच पिऊन टाकला 😅 सासऱ्यांना बीपीची गोळी आहे, विचारलं, डॉक्टर म्हणाले दोन दिवस बंद ठेवा आणि येऊन भेटा. आशाताईनं पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या दिल्या, १४ दिवस द्या म्हणाली. उद्या जुलाब थांबले तरी द्यायची का?

वार्डातली_सिस्टर:
हो, १४ दिवस पूर्ण, २० मिलीग्रामची रोज एक, चमचाभर पाण्यात किंवा तुमच्याच दुधात विरघळवून. थांबले म्हणून सोडायची नाही, आतडं भरून यायला वेळ लागते.