सल्ला हवा: चर्चमधल्या ठेक्यापासून रॅपच्या करारापर्यंत; अँडरसन पाक कुठून ऐकावेत?

नगरकर_मामा:
नमस्कार. माझा भाचा १७ वर्षांचा असून आमच्या नगरच्या चर्चमध्ये दर रविवारी ढोलकी वाजवतो. नारायण वामन टिळकांच्या भजनांवर त्याचा हात चांगला बसला आहे. अलीकडे तो मराठीत रॅप लिहू लागला आहे. उपासनेतले संगीत न सोडता या वाटेने जाता येईल का, असा प्रश्न घरात उभा राहिला आहे. एका स्नेह्यांनी अँडरसन पाक या अमेरिकी गायक, रॅपर आणि ड्रमवादकाचे नाव सुचवले. त्यांचा प्रवास उलगडेल अशा क्रमाने भाच्याला काय ऐकवावे? करार कसा मिळाला तेही कळावे, कारण एखादा व्हिडिओ गाजला की कंपनी दारात येते, अशी त्याची समजूत आहे.

लयवेडा:
मामा, अगदी योग्य नाव सुचवले आहे. पाक कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्डचे, जन्म १९८६ चा. शाळकरी वयात ते तिथल्या सेंट पॉल बॅप्टिस्ट चर्चमध्ये ड्रम वाजवत. कृष्णवर्णीयांच्या बॅप्टिस्ट चर्चमधला ड्रमवादक समोर कागद ठेवून वाजवत नाही. पाळकांचा आवाज प्रवचनात चढू लागला की त्याने ते ओळखून लय वाढवायची, मंडळी प्रतिसाद देऊ लागली की त्यांना जागा द्यायची आणि भर ओसरला की अलगद खाली उतरायचे. आपल्याकडे भजनात पखवाजी बुवांच्या तोंडाकडे पाहून वाजवतो, त्याच जातीचे हे काम आहे. भाच्याला हे वेगळे समजावावे लागणार नाही.

म्हणून सुरुवात गाण्याच्या अल्बमने न करता, एनपीआर या अमेरिकी सार्वजनिक रेडिओच्या ‘टायनी डेस्क’ या मैफिलींच्या मालिकेतील त्यांच्या २०१६ च्या मैफिलीने करावी. फ्री नॅशनल्स या आपल्या वाद्यवृंदासोबत ते स्वतः ड्रम वाजवत गातात आणि रॅपही करतात. शब्द ठेक्याच्या नेमके मागे कुठे रेंगाळतात आणि पुढे कुठे धावतात, ते हातांकडे पाहिल्यावरच कळते. त्यानंतर ‘मालिबू’ हा अल्बम, तोही पहिल्यापासून सलग.

कराराविषयी भाच्याला तारखाच सांगा. २०११ मध्ये नोकरी गेली तेव्हा पत्नी आणि तान्ह्या मुलासह त्यांच्यावर बेघर होण्याची वेळ आली. सा-रा या गटाचे शफीक हुसेन यांनी त्यांना मदतनीस म्हणून काम दिले. ब्रीझी लव्हजॉय या नावाने त्यांनी गाणी काढली, इतरांना ड्रमची साथही केली. ‘व्हेनिस’ हा अल्बम आला २०१४ मध्ये. पुढे निर्माते नॉलेज यांच्याबरोबर केलेले ‘स्वेड’ हे गाणे नामवंत रॅपर आणि निर्माते डॉ. ड्रे यांच्या कानावर गेले आणि ड्रे यांच्या ऑगस्ट २०१५ च्या ‘कॉम्प्टन’ या अल्बममधील सहा गाण्यांत पाक यांचा आवाज आला. जानेवारी २०१६ मध्ये आधी ‘मालिबू’ प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर त्याच महिन्यात ड्रे यांच्या आफ्टरमॅथ या संगीत कंपनीशी करार जाहीर झाला. म्हणजे ज्या अल्बमने त्यांना नाव मिळाले, तो करार होण्याआधीच तयार होता.

साथीदार_वसई:
लयवेडा यांच्या क्रमात मी एक भर घालीन. ‘मालिबू’नंतर लगेच ‘येस लॉड!’ ऐकवा. नॉलेज यांच्यासोबतचा हा अल्बम ऑक्टोबर २०१६ चा. त्याचे नाव म्हणजे चर्चमध्ये मंडळींकडून उठणारा होकार, आणि पाक तो गाण्यांमध्ये सहज उच्चारतात. मी स्वतः गायकवृंदात अनेक वर्षे गातो. त्यांचा तो हुंकार ऐकला की हा माणूस कोणत्या बाकांवरून उठून आला आहे ते मला लगेच जाणवते. २०१८ चा ‘ऑक्सनार्ड’ हा अल्बम नंतर ऐकला तरी चालेल. मला तो गर्दीचा वाटतो.

नगरकर_मामा:
दोघांचेही मनापासून आभार. एक शंका आहे: भाच्याची आई सोबत बसणार आहे. शब्द कसे आहेत?

लयवेडा:
स्पष्ट सांगतो, शिव्या आहेत आणि शृंगारही उघड आहे. ताईंना आधी कल्पना द्यावी आणि उपलब्ध असेल तिथे शब्द गाळलेली आवृत्ती लावावी. मात्र ‘मालिबू’मधील ‘द सीझन / कॅरी मी’ त्यांनी अवश्य ऐकावे. त्यात पाक आपल्या घराची पडझड आणि आईची आठवण सांगतात. ते गाणे दोनदा लावा, आणि दुसऱ्या वेळी भाच्याच्या हातात ढोलकी द्या.