मदत हवी आहे: एआयझिंथफाइंडरला आमच्या कपाटाची यादी दिली की रेणू बनवायचा रूटच सापडत नाही

मंडळी, नांदेडच्या एका कॉलेजात ऑरगॅनिकमध्ये पीएचडी करतेय. ॲस्ट्राझेनेकाने खुलं केलेलं एआयझिंथफाइंडर लॅपटॉपवर बसवलंय. एमएस्सीला कोरींचे उलटे बाण (रेट्रोसिंथेसिस) आपण पेपरात काढायचो, तेच काम हे करतं. टार्गेट (बनवायचा रेणू) तोडत जातं आणि सगळे तुकडे स्टॉकच्या (हाताशी असलेल्या रसायनांच्या) यादीत सापडले की थांबतं.

टार्गेट: क्विनोलिनच्या २ नंबरला पायपेराझिन, ३ नंबरला मिथिलिडीनने जोडलेलं थायाझोलिडिनडायोन. (हसू नका. मराठवाड्यात थायाझोलिडिनडायोन न केलेला एक तरी स्कॉलर दाखवा.)

झिंकची (विकत मिळणाऱ्या रेणूंची तयार) यादी लावली तर लगेच रूट: २-क्लोरोक्विनोलिन-३-कार्बाल्डिहाइड, पायपेराझिन, थायाझोलिडिनडायोन. पण ते अल्डिहाइड विकत घ्यायचं म्हटलं की सर कोटेशन बघूनच कागद परत करतात. ॲसिटॅनिलाइड, डीएमएफ, पीओसीएल३ घेऊन ते आमच्याच लॅबमध्ये वर्षानुवर्षं होतंय की!

म्हणून कपाटातल्या १६३ बाटल्यांची स्माइल्स (रेणूची रचना अक्षरांत) टाइप केली (दोन रविवार गेले, एकदा सेव्ह करायच्या आत लाईटही गेली) आणि सोबत येणाऱ्या स्माइल्सटूस्टॉक टूलने नवी स्टॉक फाइल बनवली. आता तेच टार्गेट दिलं की ‘सॉल्व्ह्ड’पुढे फॉल्स. इटरेशन (शोधाच्या फेऱ्या) १०० चे १००० केले, वेळ १२० सेकंदांवरून अर्ध्या तासावर नेली. लॅपटॉपचा पंखा तेवढा ओरडतो. शोध कमी पडतोय की माझी फाइलच चुकलीय?

वाळूजकर: इटरेशन वाढवून काही होणार नाही. पायपेराझिनच्या बाटलीवर नेमकं काय लिहिलंय?

धागाकर्ती: हेक्साहायड्रेट. स्माइल्समध्ये सहा पाणीही टाकलंय.

वाळूजकर: तिथंच घोडं पेंड खातंय. स्टॉकशी जुळवताना इंचाय-की (रेणूच्या रचनेवरून बनणारी ओळखीची खूण) तंतोतंत बघितली जाते. पाण्यासकट लिहिलं की ती वेगळी होते. हायड्रोक्लोराइडच्या बाटल्यांचंही तेच. सगळीकडे मोकळा बेस (पाणी, ॲसिड सोडून नुसता रेणू) लिहा.

अल्डिहाइडचं दुखणं निराळं आहे. एआयझिंथफाइंडरचे तोडीचे नियम अमेरिकी पेटंटांतल्या रिॲक्शनवरून काढलेत. मेथ-कोनमध्ये (तुमची ती ॲसिटॅनिलाइडवाली रिॲक्शन) डीएमएफचे दोन रेणू एकेक कार्बन देतात, क्लोरीन पीओसीएल३ मधून येतो. एका भांड्यात एवढं घडल्यावर त्यातून नीट टेम्प्लेट (तोडीचा नियम) निघणं अवघड. शिवाय मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक तोडीला फार तर वरचे ५० नियमच बघितले जातात. लॅबमध्ये होतंय ना? मग ते अल्डिहाइड सरळ स्टॉकमध्ये लिहा, बाटली नसली तरी.

आणि पायपेराझिन दोन्ही टोकांनी चिकटेल, हे सॉफ्टवेअर सांगणार नाही. जास्तीचं घ्या.

धागाकर्ती: झालं दादा, ट्रू आलं! लई उपकार. पायपेराझिनसारख्या आणखी अकरा बाटल्या निघाल्या.

पण पुढची सीरिज ६-मिथिल, ६-मिथॉक्सी, ६-क्लोरो अशी आहे. प्रत्येक अल्डिहाइड हातानेच टाकत बसायचं का? मेथ-कोनचं टेम्प्लेट स्वतः स्मार्ट्समध्ये (स्माइल्ससारखीच, पण नियम लिहायची भाषा) लिहून नियमांत घालता येतं का? कुणी केलं असेल तर फाइल कशी दिसते तेवढं दाखवा.