कादंबरीसाठी काल्पनिक राज्य उभारताना प्रारंभ कोठून करावा?

प्रश्न (कळवा, ठाणे)
खाडीकाठच्या एका काल्पनिक राज्यावर कादंबरी लिहिण्याचा माझा विचार आहे. नकाशा, राजघराण्याची वंशावळ, देवदेवता आणि चलन यांपैकी आधी काय निश्चित करावे? हे सारे ठरल्याखेरीज पहिले प्रकरण लिहायला घेऊ नये का?

उत्तर (ऐरोली)
वंशावळ तूर्त बाजूला ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. तेथील माणसांचे पोट निसर्गातील ज्या गोष्टीवर अवलंबून आहे, ती आधी ठरवा आणि तिचे परिणाम शोधत जा. आपल्या ठाणे खाडीचेच पाहा. भरती दिवसातून दोनदा येते, दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, पाणी फारसे चढत नाही. मिठागरात पाणी घ्यायचे ते उधाणाला, आणि पावसाआधी मीठ उचलले नाही तर ते विरघळून जाते. एवढ्यावरून तुमच्या राज्याचे पंचांग, मजुरीचा हंगाम आणि होड्यांच्या वेळा ठरतात. मग बांधाची उघाडी, म्हणजे खाडीचे पाणी आत-बाहेर सोडण्याचे दार, कोणाच्या ताब्यात आहे, हे स्वतःला विचारा. भात पावसाळ्यात आणि मीठ उन्हाळ्यात पिकत असले, तरी उन्हाळ्यात खारे पाणी शेतात शिरले की पुढचे भात जाते. म्हणून शेतकरी आणि मिठागरवाले यांचा तंटा अटळ आहे आणि तो मिटवणाऱ्याच्या हाती सत्ता येते. राजा येथे सापडेल, आणि बहुधा देवीही.

उत्तर (बेलापूर)
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र त्या उघाडीवरचा राखणदारही त्याच दिवशी निश्चित करावा, कारण त्याला जेवढे ठाऊक असणे आवश्यक आहे तेवढेच जग पहिल्या प्रकरणाला पुरते. जुन्या राजवटींच्या खुणाही राहू द्याव्यात. बेलापूरचा किल्ला पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज यांच्या हाती गेला. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली, पुढे सेक्टरांना क्रमांक मिळाले, तरी तुर्भे, नेरूळ ही गावांची नावे टिकलीच. सगळेच नवे असलेले राज्य खरे वाटत नाही.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. भरतीचा नियम वाचकाला समजावून सांगावा का?

उत्तर (ऐरोली)
सांगू नये, पाळावा. पहिल्या प्रकरणात दुपारी बाराला पूर्ण भरती असेल, तर आठवड्याने त्याच वेळी ओहोटी असली पाहिजे, आणि त्या दिवशी तुमच्या नायिकेची होडी चिखलात रुतली पाहिजे.